चोरीला गेला एक पूर्णांक एक किलोमीटर

एक

रविवारी सकाळी सात वाजता काटेसाहेबांनी मोटरसायकलवरची चादर दूर केली आणि "चोर!" असं ओरडले.

ओरडण्यात अडचण एवढीच होती, की मोटरसायकल जागेवर होती. टाकी होती, दिवा होता, हॉर्न होता, परवाच बसवलेला मीटरही होता. नेमकं काय गेलं हे सांगण्यासाठी साहेबांना आधी पाणी प्यावं लागलं.

"पहिली फेरी," ते म्हणाले. "माझी पहिली फेरी गेली."

काकू, म्हणजे साहेबांची बायको, उजव्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून स्वयंपाकघरातून आल्या. "कसली फेरी? ती अजून सुरूसुद्धा झालेली नाही."

"हे बघ!" साहेबांनी मीटरवर बोट ठेवलं. खरं तर ठेवलं नाही, काच पुसलेली होती म्हणून दोन इंचांवरच धरलं. "काल दुपारी दोनला मी बाहेर पडलो तेव्हा इथं काय होतं? शून्य. दशांशाच्या घरातसुद्धा शून्य. आणि आज? एक पूर्णांक एक! शेवटचा एक तर वर सरकून दोनाला जागा करून देतोय!"

काकूंनी मीटर बघितला, मग साहेबांकडे बघितलं आणि पिशवी डाव्या हातात घेतली. "दूध उतू जाईल," असं म्हणून त्या आत गेल्या. चार वर्षांत या गाडीपायी इतक्या वेळा आरडाओरड झाली होती, की त्यांच्या जाण्यात साहेबांना काही विशेष वाटलं नाही.

साहेबांचं आडनाव काटे नव्हतं. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानदारांचे तराजू आणि काटे तपासत होते. लोक त्यांना काटेसाहेब म्हणू लागले आणि निवृत्तीनंतर खरं आडनाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. पन्नास ग्रॅमचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. असा माणूस निवृत्त झाल्यावर घरच्यांचं काय होतं, हा वेगळा विषय. घरच्यांच्या सुदैवाने त्यांना एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत एक साठ वर्षांची मोटरसायकल सापडली. ती घरी आली तेव्हा पाच पोत्यांत होती.

गाडी उभी राहिली ती पुढच्या खोलीत. त्यासाठी सोफा व्हरांड्यात गेला. पाहुणे आले की व्हरांड्यात बसत आणि खिडकीतून यजमानांशी बोलत. घरात चार खुर्च्या होत्या. एकीवर कार्बुरेटर, दुसरीवर जुनी साखळी, तिसरीवर नटबोल्टांचे डबे आणि चौथीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. पाटीखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक भागाला चिठ्ठी, चिठ्ठीला क्रमांक, आणि सगळं त्या गाडीच्या जुन्या कॅटलॉगबरहुकूम. कॅटलॉगात हिरवा रंग तर हिरवा. कॅटलॉगात एकच सीट तर एकच सीट.

"मग मी कुठं बसायचं?" काकूंनी चार वर्षांपूर्वी विचारलं होतं.

"कॅटलॉगात तुझी जागा दाखवलेली नाही," साहेब म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त काटेकोर होता.

आणि आज अकरा वाजता जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष यायचे होते. मंडळाचा चौदावा नियम असा, की नव्याने बांधलेल्या गाडीने पहिला किलोमीटर समितीच्या डोळ्यांदेखत तोडला पाहिजे. त्याआधी गाडी चालली असेल तर अर्ज रद्द, पुन्हा पुढच्या वर्षी या. हा नियम का केला ते मंडळातही कुणी सांगू शकत नसे, म्हणूनच तो सगळ्यांत कडक पाळला जाई. तो किलोमीटर झाला, की पितळी बिल्ला आणि पुढच्या महिन्यातल्या लांबच्या फेरीत सगळ्यांत पुढची जागा.

चार वर्षं, पाच पोती आणि एक सोफा. सगळं त्या शून्यावर उभं होतं, आणि शून्य गेलं होतं.

"माझा तपकिरी स्वेटर तरी दे," साहेब आत ओरडले. "आज तोच घालणार होतो."

"धुवायला टाकलाय!" आतून आवाज आला.

"आजच?"

त्यावर आतून फक्त भांड्यांचा आवाज आला.

साहेबांनी जिन्याकडे तोंड केलं आणि घरातलं शेवटचं हत्यार बाहेर काढलं. "सूनबाई! लवकर खाली ये!"

दोन

सूनबाई विमा कंपनीत सर्व्हेयर होती. आपटलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या आणि मालक कुठं खोटं बोलतोय ते लिहायचं, हा तिचा रोजचा व्यवसाय. तिचा नवरा, म्हणजे साहेबांचा मुलगा, नोकरीसाठी जहाजावर होता आणि घरी फोन करताना फार जपून बोलत असे.

ती दात घासत खाली आली. साहेब सांगू लागले तसा तिने हात वर केला, ब्रश तोंडातून काढला आणि म्हणाली, "बाबा, आधी गाडी बोलेल. तुम्ही नंतर."

ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. गाडी मागच्या स्टँडवर होती आणि इंजिनाखाली लाकडी खोकं होतं, त्यामुळे पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. पुढचं मडगार्ड नव्हतं. सोनेरी रेघा मारायला ते पेंटरकडे गेलं होतं.

"पेट्रोल किती होतं?"

"तीन लिटर. मी स्वतः मापाने ओतलं." साहेबांनी फळीवरची स्टीलची पट्टी आणून टाकीत बुडवली आणि डोळे बारीक केले. "बहात्तर मिलिमीटर. काल दुपारीही बहात्तरच."

"थेंबभरही गेलं नाही. आता हा सायलेन्सरचा पाइप बघा. नवं क्रोम ना?"

"गेल्या आठवड्यातलं."

"नवं क्रोम पहिल्यांदा तापलं की इंजिनाजवळ पिवळं आणि निळं पडतं. पुन्हा कितीही घासा, पांढरं होत नाही. हा पाइप आरशासारखा आहे, माझे दात दिसतायत यात." तिने दात दाखवले. "बाबा, इंजिन सुरू झालेलंच नाही."

साहेबांच्या छातीवरचं एखादं दहा किलोचं वजन उतरलं. पण लगेच पाच किलोचं चढलं. "मग ढकलत नेली असेल!"

सूनबाई टायरपाशी वाकली. नव्या टायरच्या अंगावर रबराची बारीक केसं असतात. रस्त्यावर शंभर पावलं गेली तरी ती झडतात. मागच्या टायरची केसं ताठ उभी होती. पुढच्या टायरचीही शाबूत होती, पण सगळी एकाच बाजूला झोपलेली. तेल लावून भांग पाडावा तशी.

"म्हणजे गाडी या खोलीबाहेर गेली नाही," ती हळूच म्हणाली. "तरी चाक किलोमीटरभराहून जास्त फिरलं."

"खोलीतल्या खोलीत?"

"जागच्या जागी."

साहेब पट्टी ठेवायला फळीकडे वळले. फळीवर त्यांची निवृत्तीनंतर विकत घेतलेली पितळी वजनं ओळीने मांडलेली असत. दोन किलो आणि अर्धा किलो यांच्यामधे जागा रिकामी होती. एरवी त्यावर दोन दिवस चौकशी झाली असती. आज त्यांचे डोळे तिकडे नुसते जाऊन परत आले.

ते तोंडावर पाणी मारायला न्हाणीघरात गेले. दारामागच्या खुंटीला फरशी पुसायचं काहीतरी तपकिरी, झिपरं टांगलेलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. फरशी पुसायलासुद्धा हल्ली केवढं लागतं, असा त्रासिक विचार करून ते बाहेर आले.

बाहेर सूनबाई जमिनीवर आडवी पडली होती. नजर पुढच्या चाकाच्या मध्यावर.

"बाबा, या आसाच्या नटात स्प्लिट पिन होती?"

"अर्थात होती. नट सुटू नये म्हणून मी स्वतः आरपार घातली आणि दोन्ही टोकं दुमडली. शुक्रवारी."

"आता नाहीये." तिने नट दोन बोटांत धरला आणि फिरवला. नट फिरला. "अकरा वाजता तुम्ही या गाडीवर बसून निघाला असतात, तर पहिल्या वळणावर गाडी एकीकडे गेली असती आणि चाक दुसरीकडे."

काटेसाहेबांना पुन्हा पाणी प्यावं लागलं.

तीन

साडेआठला पेंटर मडगार्ड घेऊन आला. मडगार्ड त्याने दोन्ही हातांवर, झोपलेलं बाळ धरावं तसं धरलं होतं.

"चाक कुणी फिरवलं?" साहेबांनी दारातच विचारलं.

"मी!" पेंटर अभिमानाने म्हणाला.

साहेबांनी सूनबाईकडे असं बघितलं, की खटला संपला.

"रिमवर रेघ मारायची म्हणजे चाक फिरवावंच लागतं, साहेब. ब्रश स्थिर, चाक फिरतं. पण मी ते गेल्या महिन्यात केलं, चाक गाडीतून काढून, माझ्या दुकानात."

"एका रेघेला किती फेरे?" सूनबाईने विचारलं.

"एक. दुसरा फेरा मारणाऱ्याने रंगकाम सोडून भिंती रंगवाव्यात." त्याने वाकून रिम बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "काय उतरलीय बघा ना! कुणी फिरवलं असेल त्याने जपून फिरवलंय हं. रेघेला नख लागलेलं नाही. तारांना धरून फिरवलंय, रिमला नाही. बाईमाणसाचा हात म्हणावा इतका हलका. म्हणजे, माझ्यासारखा."

पेंटर सुटला. साहेबांनी घड्याळजींना बोलावणं धाडलं. मीटर उघडून, दातेरी चाकं धुऊन, सगळे आकडे शून्यावर आणले होते ते त्यांनी. घड्याळजी डोळ्याला भिंग लावूनच आले, बहुधा रस्ताभर लावून.

"माझा मीटर खोटं बोलत नाही," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"तोच तर त्रास आहे," साहेब म्हणाले.

घड्याळजी चाकापाशी बसले. चाकातून निघून मीटरला जाणारी केबल त्यांनी भिंगातून पाहिली आणि जिभेने ‘च्‌च्‌’ केलं. "इथं मी लाल लाखेचा ठिपका दिला होता. कुणी केबल उघडली तर कळावं म्हणून. फुटलाय. केबल काढून परत लावलीय."

"मीटर फिरवायला?"

"छे! मीटर फिरला तो चाकाबरोबरच, हळू आणि अडखळत. आकड्याच्या कडेला बघा, झटक्याने फिरवला तर ओरखडा येतो, तो नाही. अर्धा-पाऊण तास कुणीतरी आरामात बसून चाक फिरवत होतं. केबल काढली ती त्यानंतर. कशासाठी, ते मला विचारू नका. मी घड्याळवाला."

"मी सांगते कशासाठी," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे आता चमकायला लागले होते. "केबल सोडवली, नट काढला, आस ओढला. चाक चिमट्यातून, म्हणजे त्याला धरणाऱ्या या दोन दांड्यांमधून, पूर्ण खाली उतरवलं आणि परत चढवलं. आणि चढवताना पिन विसरले."

"पण चाक काढायचंच होतं तर आधी पाऊण तास फिरवायचं कशाला? आणि फिरवायचं होतं तर काढायचं कशाला?" साहेबांचा आवाज चढला. "हा चोर आहे की खुळा?"

"हा नाही, बाबा. हे. माणसं दोन आहेत. एकाचा हात हलका आहे. आणि दुसऱ्याला पाना धरता येतो, पण तो विसरभोळा आहे."

विसरभोळा म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. गेली तीस वर्षं तो त्यांच्या डोळ्यांपुढे याच शब्दाला येत असे.

"मेहुणा!" ते गरजले.

आत काकूंच्या हातून झाकण पडलं.

चार

काकूंचा धाकटा भाऊ फर्निचर बनवायचा. हात सोन्याचा, डोकं वाऱ्यावर. त्याने केलेल्या कपाटांना किल्ल्या असत, पण त्या कपाटाच्या आत राहिलेल्या असत. या गाडीबाबत त्याचं आणि साहेबांचं चार वर्षं भांडण होतं. त्याचं म्हणणं, हँडल उंच करा, सायलेन्सर असा लावा की गल्ली हादरली पाहिजे, मागे मस्त गुबगुबीत सीट टाका. साहेबांचं म्हणणं, कॅटलॉग.

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी तो हसतमुखाने दारात उभा राहिला. एक हात खिशात, दुसऱ्या हाताने एका लोखंडी काडीने कान खाजवत.

"काय भावोजी, आज उडणार म्हणे तुमचं विमान!"

"काल दुपारी दोन ते सहा, मी बाहेर होतो तेव्हा, तू कुठं होतास?"

"काल? घरी. झोपलो होतो. काल काय होतं? शनिवार? हो, झोपलोच होतो." तो सोफ्यावर बसला. खोलीत आला नाही, आणि गाडीकडे चुकूनही बघेना. ज्या माणसाने चार वर्षं येता-जाता या गाडीला थापटलं होतं, तो आज छताकडे बघत कान खाजवत होता.

"मामा, आत या ना," सूनबाई गोड आवाजात म्हणाली. गोड आवाजात बोलली की तिच्या कंपनीतले लोक वकील शोधत. "हे मागचं मडगार्ड बघा. या चार खुणा कसल्या?"

हिरव्यागार रंगावर चार बारीक फुल्या होत्या. साहेब झटकन वाकले. त्यांच्या नजरेतून हे सुटलं होतं! चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"पेन्सिल आहे," सूनबाई म्हणाली. "पण साधी नाही, चपटी. सुताराची."

मेहुण्याचा हात कानात थांबला.

"मापं घेतली, बस! देवाशपथ भावोजी, मापं घेतली फक्त. तुमच्या किलोमीटरला मी हात लावला नाही!"

"किलोमीटरचं तुला कुणी सांगितलं?"

मेहुण्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं, म्हणजे दाराच्या फटीत कुणी नव्हतं असं दाखवण्याचा प्रयत्न चालू होता.

साहेबांच्या कानशिलांवर शिरा उभ्या राहिल्या. "तुला ही गाडी बिघडवायची होती. पहिल्या दिवसापासून! तुझी गुबगुबीत सीट मी बसू दिली नाही म्हणून शून्य घालवलंस, चाक सैल केलंस. मी मेलो असतो! चालता हो. पुन्हा या घरात—"

"बाबा!" सूनबाई मधे आली. "पुढचं वाक्य बोलू नका. ते परत घेता येणार नाही. मला फक्त पाच मिनिटं द्या."

त्याच क्षणी रस्त्यावर भोंगा वाजला, जुन्या पद्धतीचा, रबराचा फुगा दाबून वाजवायचा. अध्यक्ष वेळेआधी वीस मिनिटं आले होते.

साहेब मटकन खाली बसले, आणि तेही चौथ्या खुर्चीवर, ‘हात लावू नये’ पाटीवर.

सूनबाईने फळीकडे बघत विचारलं, "बाबा, तुमचं एक किलोचं वजन कुठंय?"

पाच

अध्यक्ष गृहस्थ भारदस्त होते. कातडी टोपी, हातात मखमली डबी. त्यांनी मीटर बघितला, डबी खिशात ठेवली आणि म्हणाले, "चौदावा नियम."

"नियम काय म्हणतो?" सूनबाईने विचारलं. "गाडी चालली असेल तर, की चाक फिरलं असेल तर?"

"गाडी चालली असेल तर. पण चाक फिरल्याशिवाय मीटर पुढे जात नाही आणि गाडी चालल्याशिवाय चाक फिरत नाही."

"इथं फिरलं," ती म्हणाली. आणि बाहेर खिडकीत पेंटर, आत घड्याळजी, दारात मेहुणा अशा सगळ्यांसमोर तिने बोलायला सुरुवात केली. "पेट्रोल तेवढंच. पाइप पांढरा. मागच्या टायरची केसं उभी. पुढच्याची झोपलेली, पण झडलेली नाहीत. म्हणजे त्या टायरवर रस्ता नाही, काहीतरी मऊ दाबून बसलं होतं. काहीतरी टायरभोवती गुंडाळलं. फेऱ्यावर फेरे. अर्धा-पाऊण तास, हलक्या हाताने."

"दोरी?" अध्यक्षांनी विचारलं.

"असं काय आहे, जे किलोमीटरभर लांब असतं आणि तरी घरात मावतं? आणि गुंडाळून झालं की त्याचं कडं तयार होतं. आता ते कडं काढायचं कसं? चाक चिमट्यात अडकलेलं. कडं बाजूला सरकवलं तरी आसात अडकून राहणार. कापायचं नसेल तर एकच मार्ग: चाक खाली उतरवायचं. ते हलक्या हाताचं काम नाही. म्हणून मदतीला भाऊ बोलावला."

साहेब हळूहळू उभे राहिले.

"उजवा खांदा सकाळपासून कुणाचा दुखतोय, बाबा? स्वेटर कुणी धुवायला टाकला, आणि तो वाळत घातलेला तुम्हाला कुठं दिसला का? न्हाणीघराच्या दारामागे काय टांगलंय?"

साहेब धावले. एवढ्या वेगाने त्यांना धावताना काकूंनी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात तपकिरी लोकरीची भली मोठी ओली लडी होती आणि लडीच्या तळाशी लोंबकळत होतं ते पितळी, एक किलोचं, चकचकीत वजन.

"माझं वजन!" ते कळवळून म्हणाले. "लोकरीला?"

"मग काय करू?" काकू दारात उभ्या होत्या. "उसवलेली लोकर कुरळी असते. ओली करून खाली वजन बांधलं की सरळ होते. तुमची वजनं बसूनच असतात."

"पण चाक, अगं? चाक कशाला?"

"लडी घालायला दोन खुर्च्या लागतात, पाठीला पाठ लावून. घरात खुर्च्या चार. एकीवर कार्बुरेटर, एकीवर साखळी, एकीवर डबे, आणि चौथीवर तुमची पाटी. सगळ्या घरात रिकामी अशी एकच वस्तू होती, हे चाक! छान फिरत होतं हो. काहीच आवाज नाही. तुम्ही काम फार चांगलं केलंय."

इतक्या वर्षांत साहेबांच्या कामाची अशी पावती खात्यानेही दिली नव्हती.

"त्यावरून मीटर चालतो, हे मला काय ठाऊक? सकाळी तुम्ही ओरडलात तेव्हा कळलं. सांगितलं असतं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "कथा उत्तम आहे. पुरावा?"

आता मात्र काटेसाहेबांमधला निरीक्षक जागा झाला. त्यांनी खिशातून चष्मा काढला. "टायरचा घेर दोन मीटर. मीटर एक पूर्णांक एकच्या पुढे, पण एक पूर्णांक दोनच्या आत. म्हणजे या लडीत साडेपाचशे ते सहाशे पदर असले पाहिजेत. मोजू या!"

लडी पसरली. साहेब मोजू लागले, घड्याळजी भिंगातून मोजू लागले, पेंटर खिडकीतून मोठ्याने मोजू लागला आणि दोनदा सगळ्यांना चुकवल्यावर त्याला गप्प केलं गेलं. चारशेला अध्यक्ष खाली बसले. पाचशेला त्यांनी टोपी काढली. पाचशे पन्नासला कुणी श्वास घेईना.

"पाचशे त्रेसष्ट!" साहेब ओरडले. "अकराशे सव्वीस मीटर! शेवटचा एक सरकलेला होताच!"

"म्हणजे गाडी चालली नाही," अध्यक्ष हळूहळू म्हणाले, "स्वेटर चालला." आणि त्यांनी मखमली डबी पुन्हा बाहेर काढली.

सहा

"एक राहिलं," सूनबाई म्हणाली. "मामा, ती कान खाजवायची काडी द्या बरं."

मेहुण्याने हातातली काडी बघितली. मग गाडीचं चाक बघितलं. मग पुन्हा काडी बघितली. ती स्प्लिट पिन होती. काल दुपारपासून तो तिने कान खाजवत होता.

"अरे, ही इथं होय!" तो म्हणाला.

साहेबांनी पिन घेतली, रुमालाने तीनदा पुसली, नट आवळला, पिन आरपार घातली आणि टोकं दुमडली. मग उठून मेहुण्यासमोर उभे राहिले. "मघाचं माझं वाक्य अर्धंच होतं," ते म्हणाले. "ते अर्धंच राहू दे."

"मी ऐकलंच नाही भावोजी. कानात पिन होती."

साहेब मागच्या मडगार्डकडे वळले. चार फुल्या. "आणि ही मापं?"

आता मेहुणा आणि काकू एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मेहुण्याने व्हरांड्यातल्या सोफ्याखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. सीट होती. छोटी, काळ्या कातड्याची, पुढच्या सीटसारख्याच स्प्रिंगांची. शिलाईसुद्धा तशीच.

"सीट केव्हाच तयार होती. ताईने काल सांगितलं, आत्ता फक्त भोकांची मापं घेऊन ठेव. तुमचा बिल्ला मिळाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी, तुमचा मूड बघून विचारणार होती."

"आणि स्वेटर?"

"तो एक स्वेटर तुम्हाला दोन माणसांएवढा मोठा होता," काकू म्हणाल्या. "त्याच्या दोन बंड्या होतील. बिनबाह्यांच्या. एक तुमची." दुसरी कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही.

साहेबांच्या मनात चार वर्षांपूर्वीचं एक वाक्य कुठूनतरी वर आलं. तेव्हा ते त्यांना अचूक वाटलं होतं.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "ही सीट लावली तर?"

"पहिल्या किलोमीटरआधी? मग गाडी मूळ रूपातली राहणार नाही. ‘फेरफार केलेल्या’ वर्गात जाईल. बिल्ला ॲल्युमिनियमचा. लांबच्या फेरीत जागा सगळ्यांत मागे." त्यांनी डबी उघडून दाखवली. पितळी बिल्ला मखमलीवर असा चमकत होता, की साहेबांना त्याचं वजन बघताक्षणी कळलं. चाळीस ग्रॅम.

त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं. काकूंकडे बघितलं. काकू गरम पाण्याची पिशवी सारखी करत होत्या, उगाचच.

"अगं," साहेब म्हणाले, "मागे बसलीस तर पाय कुठं ठेवशील?"

"पायाला दांड्याही केल्यात ना भावोजी!" मेहुणा ओरडला. "सोफ्याखालीच आहेत!"

"ड्रिल आण."

पेंटरने खिडकीत दोन्ही हातांनी डोळे झाकले. हिरव्या मडगार्डवर पहिल्या फुलीतून ड्रिल आरपार गेलं तेव्हा साहेबांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, दाताच्या डॉक्टरकडे निघतो तसा. चौथ्या फुलीला तो निघाला नाही. मेहुण्याची मापं अर्ध्या मिलिमीटरनेही चुकली नव्हती, हे साहेबांनी पट्टी लावून तपासलं आणि मोठ्याने मान्यही केलं. पुढचं मडगार्ड चढलं. खोकं निघालं. साठ वर्षांची गाडी स्वतःच्या दोन चाकांवर व्हरांड्यातून रस्त्यावर उतरली.

पहिली किक. नुसता सुस्कारा. दुसरी, तिसरी, चौथी. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पाचव्या किकला सायलेन्सरने खोकून धुराचं एक वर्तुळ सोडलं. सहाव्याला काहीच नाही. सातव्याला इंजिनने असा आवाज केला, की अध्यक्षांची टोपी उडाली, मेहुण्याने टाळ्या वाजवल्या आणि घड्याळजींचं भिंग डोळ्यातून खाली पडलं.

"बस!" साहेब ओरडले.

काकू बसल्या. डाव्या हाताने त्यांनी साहेबांचा खांदा धरला, उजवा अजून दुखत होता. अध्यक्ष नियमाप्रमाणे आपली गाडी घेऊन मागोमाग निघाले, आणि दोघं कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

अर्ध्या तासाने परत आले तेव्हा दोघांचे केस ताठ उभे होते, नव्या टायरसारखे. सूनबाईने आधी पाइप बघितला. इंजिनाजवळ तो पिवळा, जांभळा आणि पुढे सुरेख निळा झाला होता. मग मीटर बघितला. नऊ पूर्णांक चार.

अध्यक्ष साहेबांच्या छातीवर ॲल्युमिनियमचा बिल्ला लावून गेले. साहेबांनी वही काढली आणि लिहिलं: ‘एकूण ९.४. पैकी लोकर १.१.’ खाली सही केली, तारीख घातली.

"अहो," आतून काकूंचा आवाज आला, "बाह्या उसवायच्या राहिल्यात. चाक रिकामं आहे का?"

साहेबांनी गाडी खोलीत घेतली. खोकं आणून इंजिनाखाली सरकवलं. चाक वर उचललं गेलं. पुढचं मडगार्ड काढून ठेवलं, टायर पुसला. ते पाना घेऊन केबलीपाशी बसले, मीटर फुकट फिरू नये म्हणून ती आधी सोडवायला. पाना नटाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग काढून घेतला.

"ये," ते म्हणाले. "मोजू दे त्याला."